काम सुटल्यावर : हक्काचे पैसे आणि दाद मागण्याची वाट

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आपल्या गावात आजोबांपासून चालत आलेली आहे. कापसाच्या आणि धान्याच्या बाजारपेठेने हा पाळणा प्रथम हलविला. पुढे 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ ही कंपनी काढली आणि बियाण्यांच्या व्यापाराने गावाचे नाव देशभर नेले. त्यानंतर औद्योगिक वसाहतीत पोलादाच्या भट्ट्या पेटल्या व जालन्याच्या सळईवर ठिकठिकाणची घरे उभी राहू लागली. परंतु भट्टीचा धंदा तीन दोऱ्यांवर लोंबकळत असतो : भंगाराचा भाव, विजेचा दर आणि बांधकामाची मागणी. यांपैकी एक दोरा तुटला तरी एखादी पाळी बंद होते, आणि काल रात्री तापलेल्या लोखंडाशी झुंजणारा माणूस आज सकाळी फाटकाबाहेर उभा असतो.

अशा माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की सरकार काही बेकारभत्ता देते का? यावर गावात दोन उत्तरे ऐकू येतात. कोणी म्हणतो, ‘आपल्या देशात असले काही नाही.’ कोणी म्हणतो, ‘अर्ज टाक, सरकार देते.’ ही दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत, आणि अर्धवट उत्तरानेच माणसाचे अधिक नुकसान होते. खरी गोष्ट अशी, की आपल्याकडे बेकारभत्त्याची एकच मोठी तिजोरी नाही. तीन वेगवेगळ्या थैल्या आहेत. एक मालकाकडे आहे, दुसरी विमा महामंडळाकडे आहे, आणि तिसरी कामगाराची स्वतःची आहे. प्रत्येक थैलीचे दार वेगळे आणि दार बंद होण्याची वेळही वेगळी. कोणते दार उघडेल हे मात्र पुष्कळदा एका गोष्टीवर ठरते : आपले काम कोणत्या नावाखाली सुटले, यावर. प्रस्तुत विवेचनाचा गाभा एवढाच आहे.

ही व्यवस्था अशी का झाली?

विलायतेत 1911 च्या राष्ट्रीय विमा कायद्याने काही धंद्यांतील कामगारांसाठी बेकारीचा विमा सुरू केला. कामगार, मालक आणि सरकार असे तिघेही त्यात वर्गणी भरीत. अर्ज नाकारला गेला तर पंचांच्या मंडळापुढे दाद मागता येई आणि त्याहीवर एक सरपंच असे. दाद मागण्याची सोय कायद्यातच गुंफलेली होती. 1952 साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने सामाजिक सुरक्षिततेच्या नऊ शाखा ठरविल्या, त्यांतही बेकारी ही एक होती.

त्याच 1952 साली, 24 फेब्रुवारीस, आपल्याकडे कामगार राज्य विमा योजना कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाली. आजारपण, बाळंतपण, कामावरील अपघात यांची तरतूद तिच्यात होती, बेकारीची नव्हती. ती उणीव पुढच्या वर्षी निराळ्या वाटेने भरून काढावी लागली. 1953 मध्ये कापडगिरण्यांतून माल साठून राहिला आणि कामगारांना घरी बसविण्याची भीती उत्पन्न झाली. तेव्हा व्ही. व्ही. गिरी हे केंद्राचे श्रममंत्री होते. ऑक्टोबर महिन्यात वटहुकूम निघाला आणि वर्षअखेर त्याचा कायदा झाला. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफ आणि कपात यांचे नवे प्रकरण घालण्यात आले. म्हणजे विलायतेने बेकाराचा भार समाईक विम्यावर टाकला, आणि आपण तो प्रथम मालकावर टाकला.

हा जुना कायदा आता चालू नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी 2020 ची औद्योगिक संबंध संहिता आली आहे. तथापि 1953 साली घातलेला पाया नव्या संहितेत बहुतांशी तसाच ठेवला आहे, म्हणून जुन्या निवाड्यांचे महत्त्वही संपलेले नाही.

नावात काय आहे?

काम सुटण्याची नावे नीट ओळखली पाहिजेत.

पहिले नाव ले-ऑफ. वीज नाही, कच्चा माल नाही, यंत्र मोडले किंवा माल साठला म्हणून मालक काम देऊ शकत नाही. परंतु नोकरी कायम आहे व नाव हजेरीपटावर आहे. दुसरे नाव कपात. येथे नोकरीच संपते, मात्र कामगाराचा काही दोष नसतो. तिसरे नाव कारखाना बंद होणे. चौथे बडतर्फी, म्हणजे गैरवर्तणुकीची शिक्षा. तिच्यासाठी आरोपपत्र आणि चौकशी लागते. पाचवे नाव राजीनामा, म्हणजे स्वखुशीने काम सोडणे.

फाटकावर प्रत्यक्षात काय घडते? ‘उद्यापासून येऊ नको’ एवढे तोंडी सांगितले जाते. किंवा एक छापील कागद पुढे करून म्हटले जाते, ‘येथे सही कर आणि हिशेब घेऊन जा.’ त्या कागदावर ‘मी घरगुती अडचणीमुळे राजीनामा देत आहे’ असे लिहिलेले असेल, तर त्या एका सहीने कपातीचा माणूस राजीनाम्याचा माणूस होतो. कपातीचा मोबदला आणि नोटिशीचा पगार राजीनाम्याला मिळत नाहीत. विम्याचा बेकारभत्ताही अडतो, कारण तो आपल्या इच्छेविरुद्ध काम गेलेल्यासाठी आहे. सही जबरीने घेतली असे पुढे म्हणता येते. पण ते शाबीत करण्याचे ओझे आपल्यावर येते. म्हणून न वाचता सही करू नये. पैसे तर घ्यावयाचे आहेत आणि कागद संशयास्पद आहे, असे असल्यास सहीवर ‘रक्कम मिळाली, हक्क राखून’ असे स्वतःच्या हाताने लिहावे आणि कागदाची प्रत मागावी. तोंडी हुकूम झाला तर दोन-चार दिवसांच्या आत रजिस्टर पोस्टाने मालकाला साधे पत्र टाकावे : ‘अमुक तारखेस मला कामावर घेतले नाही, मी कामास तयार आहे.’ पोस्टाची पावती जपून ठेवावी. पुढे ‘हा स्वतःच येईनासा झाला’ असे कोणी म्हटले तर हेच पत्र उत्तर देते.

पहिली थैली : मालकाकडील

ले-ऑफ असल्यास मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम मिळते, साप्ताहिक सुट्या वगळून. ही तरतूद 50 किंवा अधिक कामगारांच्या, हंगामी नसलेल्या कारखान्यांना लागू आहे. कामगाराचे नाव हजेरीपटावर हवे, तो बदली किंवा नैमित्तिक नसावा व त्याची एक वर्षाची सलग सेवा हवी. बारा महिन्यांत 45 दिवसांपर्यंत ही भरपाई मिळते; त्यापुढे ती बंद करण्याचा करार होऊ शकतो किंवा मालक कपातीकडे वळू शकतो. येथे एक बारीक अट आहे, आणि ती ठाऊक नसल्याने पुष्कळांचे पैसे जातात. ले-ऑफच्या काळात ठरलेल्या वेळी दिवसातून एकदा तरी कारखान्यात हजेरी लावावी लागते. ‘काम नाही तर जाऊन काय करू?’ म्हणून माणूस मंठ्याला किंवा भोकरदनला आपल्या गावी निघून गेला, तर त्याचा निम्मा पगारही जातो.

कपात असल्यास, एक वर्षाची सलग सेवा झालेल्या कामगाराला तीन गोष्टी मिळाव्या लागतात : कारणांसह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार, आणि सरकारला सूचना. सहा महिन्यांहून अधिक असलेला वर्षाचा भाग पूर्ण वर्ष धरला जातो. हा मोबदला कपात करतेवेळीच द्यावयाचा आहे, सवडीने नव्हे.

हे ‘करतेवेळीच’ किती महत्त्वाचे आहे ते मुंबईच्या एका खटल्याने ठरविले. जे. जे. रुग्णालयातील दोन वॉर्ड-नोकर स्त्रियांना मुंबई सरकारने मोबदला न देता कामावरून कमी केले. त्यांच्या वतीने हॉस्पिटल मजदूर सभा न्यायालयात गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि 1960 मध्ये निकाल लागला. निकालपत्र लिहिले ते न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी, साताऱ्याचे हे गृहस्थ पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. मोबदला देणे ही कपातीची पूर्वअट आहे, ती पाळली नाही तर कपातच कायद्याने टिकत नाही, असे त्या निकालाने सांगितले. ‘उद्योग’ कशाला म्हणावे याविषयीचा त्यातील वाद पुढे फार वाढला. पूर्वअटीचा मुद्दा मात्र कायम राहिला. साक्षात सरकारलाही दोन वॉर्ड-नोकर स्त्रियांपुढे हार घ्यावी लागली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

सलग एक वर्ष म्हणजे तरी काय? बारा महिन्यांत 240 दिवस काम. पुष्कळ ठिकाणी 230 दिवस भरले की माणसाला ‘ब्रेक’ देतात, तो याचसाठी. परंतु मोजताना केवळ घाम गाळलेले दिवस मोजायचे नसतात. पगारी साप्ताहिक सुट्या आणि सणांच्या पगारी सुट्याही धरावयाच्या, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या खटल्यात सांगितले. म्हणून ‘तुझे 240 भरले नाहीत’ हे ऐकून परत फिरू नये. आधी सुट्या मिळवून बेरीज करावी.

याशिवाय कपातीत क्रम पाळावा लागतो. त्या त्या कामाच्या वर्गात जो शेवटी आला तो आधी जातो. हा क्रम मोडावयाचा तर मालकाने कारण नोंदवावे लागते. कपात झाल्यापासून एका वर्षाच्या आत पुन्हा भरती निघाली तर जुन्या माणसाला अग्रहक्क आहे. 300 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला कपातीपूर्वी सरकारची परवानगी लागते. नव्या संहितेने पुनर्कौशल्य निधीही ठेवला आहे : मालकाने त्यात पंधरा दिवसांचे वेतन भरावयाचे आणि ते कपातीपासून 45 दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हावयाचे. राहिलेला पगार तर काम सुटल्यापासून दोन कामाच्या दिवसांत चुकता झाला पाहिजे.

दुसरी थैली : विम्याची

दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत, महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून शेकडा पाऊण रुपया विम्यासाठी कापला जातो आणि मालक सव्वातीन रुपये भरतो. दवाखान्याचे कार्ड म्हणून लोक याकडे पाहतात. पण याच विम्यातून बेकारीतही पैसे मिळतात, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

1 एप्रिल 2005 पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना सुरू झाली. कारखाना बंद पडला किंवा कपात झाली तर वेतनाच्या प्रमाणात भत्ता आणि त्या काळात दवाखान्याची सोय, असे तिचे स्वरूप. पुढे 1 जुलै 2018 पासून अटल बिमित व्यक्ती कल्याण योजना आली. तिच्यात प्रथम सरासरी रोजच्या कमाईच्या पंचवीस टक्के मिळत. 2020 च्या साथीच्या वेळी ते प्रमाण पन्नास टक्के झाले. हा भत्ता जास्तीत जास्त 90 दिवसांचा, आणि आयुष्यात एकदाच. बेकार झाल्यावर तीस दिवसांनी तो मागता येऊ लागला आणि अर्ज मालकामार्फत न देता थेट शाखा कार्यालयाकडे देण्याची मोकळीक मिळाली. किमान दोन वर्षांची विमापात्र नोकरी आणि ठराविक दिवसांची वर्गणी ही पात्रतेची अट. शिक्षा म्हणून काढलेला, वयोमानाने किंवा स्वेच्छेने निवृत्त झालेला मनुष्य यात बसत नाही. ही योजना मुदतीची असून तिची मुदत वेळोवेळी वाढविली गेली आहे. म्हणून अर्जाच्या दिवशी मुदत व अटी काय आहेत, आणि दोहोंपैकी कोणती योजना आपल्याला अधिक लाभाची आहे, हे विमा महामंडळाच्या शाखा कार्यालयात प्रथम विचारावे. अर्जाबरोबर आधार आणि बँकेच्या खात्याचा तपशील लागतो. या सर्वांवरचे नाव व जन्मतारीख विम्याच्या नोंदीशी जुळते ना, हे नोकरी चालू असतानाच पाहून घ्यावे.

तिसरी थैली : स्वतःची

भविष्य निर्वाह निधी हा कोणाचा उपकार नव्हे. तो कामगाराचाच साठा आहे. राजीनामा दिला तरी तो बुडत नाही. तो काढण्याचे नियम बदलत असतात. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा भरावी लागते. काम सुटताच निवृत्तिवेतनाचाही भाग काढून घेतला, तर ती जुनी वर्षे मोजणीतून जातात. तेव्हा अगदीच निकड नसेल तर तो भाग तसाच ठेवावा.

पाच वर्षे सलग सेवा झाली असेल तर ग्रॅच्युइटी मिळते, आणि तीही राजीनाम्याने जात नाही. ती तीस दिवसांत द्यावयाची असते. उशीर झाल्यास व्याज लागते.

आता एक उदाहरण मांडू. एका रोलिंग मिलमधील कामगाराचे कायद्याच्या व्याख्येप्रमाणे वेतन महिना 18,000 रुपये आहे. त्याची सेवा सात वर्षे आठ महिने, म्हणजे हिशेबाला आठ वर्षे. नोटिशीऐवजी पगार 18,000 रुपये. कपातीचा मोबदला दरवर्षी अर्धा महिना, म्हणजे 9,000 गुणिले 8, बरोबर 72,000 रुपये. ग्रॅच्युइटीत महिना सव्वीस दिवसांचा धरतात : 18,000 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 8, म्हणजे सुमारे 83,077 रुपये. पुनर्कौशल्य निधीचे 9,000 रुपये. एकूण 1,82,077 रुपये झाले. विम्याचा भत्ता पन्नास टक्क्यांनी मिळाला तर नव्वद दिवसांचे सुमारे 27,000 रुपये निराळेच. हाच कामगार त्या छापील राजीनाम्यावर सही करून बसला, तर त्याच्या हाती ग्रॅच्युइटीचे 83,077 रुपये तेवढे राहतील. एका सहीची किंमत सव्वा लाखाच्या घरात जाते ती अशी.

दाद कोठे मागावी?

मालकाने नाकारले तर पहिली पायरी सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयाची. तेथे समेट अधिकाऱ्यापुढे लेखी तक्रार द्यावी. काढून टाकलेल्या एकट्या कामगाराचा वादही औद्योगिक विवादच मानला जातो. त्यासाठी संघटना पाठीशी हवीच असे नाही. समेट अधिकारी दोन्ही पक्षांना बोलावतो आणि साधारण 45 दिवसांत हे काम आटोपावे अशी अपेक्षा आहे. तो निवाडा देत नाही, तडजोड घडवितो. तडजोड फिसकटली तर तो तसा अहवाल देतो, आणि तो मिळाल्यापासून 90 दिवसांच्या आत न्यायाधिकरणाकडे अर्ज करावयाचा असतो. वाद उत्पन्न झाल्यापासून दोन वर्षे उलटली तर समेटाचे दारही बंद होते. जुन्या कायद्यात ही मुदत तीन वर्षांची होती. न्यायाधिकरणाच्या निवाड्यात कायद्याची चूक असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जाता येते. विम्याचा भत्ता नाकारला असेल तर नकाराचे कारण लेखी घ्यावे आणि विमा न्यायालयाकडे दाद मागावी.

येथे एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. 240 दिवस काम केले हे शाबीत करण्याची जबाबदारी कामगारावर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये म्हटले आहे. शिवाय बेकायदा कपात ठरली तरी पुन्हा कामावर घ्या असा हुकूम दरवेळी होत नाही. विशेषतः रोजंदारीच्या माणसाला न्यायालये बहुधा ठोक रक्कम देववितात. तेव्हा भिस्त पुराव्यावर हवी. ठेकेदाराच्या हाताखाली काम करणाऱ्याला तर ती अधिकच हवी, कारण त्याचे नाव कोणाच्या हजेरीपटावर आहे हेच पुष्कळदा ठाऊक नसते. हजेरीपट मालकाच्या कपाटात असतो. पण त्याच्या सावल्या कामगाराच्या खिशात असतात : बँकेतील पगाराच्या नोंदी, फंडाचे पासबुक, विम्याच्या वर्गणीचा तपशील, पगाराची चिठ्ठी, फाटकाचा पास. नोकरी चालू असतानाच यांच्या प्रती घरी ठेवाव्यात.

वकिलाचे पैसे कोठून आणावेत, ही शेवटची अडचण. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत कायदेशीर मदतीस पात्र असलेल्यांची जी यादी दिली आहे, तिच्यात औद्योगिक कामगार हा एक स्वतंत्र वर्ग आहे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींची माणसेही त्या यादीत आहेत. या वर्गांना उत्पन्नाची अट आड येत नाही. जिल्हा न्यायालयात असलेल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला की वकील मिळू शकतो.

या व्याख्यानांना येणाऱ्यांत शिक्षक आहेत, व्यापारी आहेत, वकील आहेत, कारखानदारही आहेत. त्यांनी एवढे करावे. शेजारच्या घरातील माणसाचे काम सुटले तर त्याला धीर द्यावाच. पण पहिल्या आठवड्यात त्याच्याजवळ बसून त्याला मिळालेला कागद वाचून दाखवावा, तारखा एका कागदावर मांडून द्याव्यात आणि त्याचे एक पत्र लिहून द्यावे. कारखानदारांनी हे जाणावे, की वेळेवर दिलेला मोबदला हा पुढल्या दहा वर्षांच्या खटल्यापेक्षा स्वस्त पडतो. आणि ज्याच्यावर हा प्रसंग येईल त्याने संकोच धरू नये. तो मागत आहे ते त्याच्या आठ वर्षांच्या कामाचे देणे आहे. मात्र ते मुदतीच्या आत आणि लेखी मागितले पाहिजे.